‘करालायस’ म्हणणाऱ्या जिभेचं इंग्रजी

‘काय करालायस?’ हे वाक्य कोल्हापुरात दिवसातून शंभरदा कानावर पडतं. सुटं करून लिहायचं तर ते होईल ‘काय करायला लागला आहेस?’ ‘करायला’तला ‘य’ गेला, ‘लागला’ जवळजवळ सगळाच गेला आणि ‘आहेस’चा नुसता ‘यस’ उरला. महाद्वार रोडवर उभं राहून कुणी हे वाक्य शब्द तोडून विचारलं, तर समोरचा आधी त्याच्या तोंडाकडं बघेल. इंग्रजी बोलताना मात्र आपण नेमकं तेच करतो. एकेक शब्द घासूनपुसून वेगळा मांडतो आणि समोरून ‘वॉट आर यू डूइंग’चं ‘वॉच्यू डूइंग’ आलं की शब्द ओळखीचे असूनही वाक्य हुकतं.

आम्ही सहाजण. दोघं इंग्रजी शिकवणारे, बाकीचे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत कास्टिंगच्या ऑर्डरी, ड्रॉइंगं, डिस्पॅच बघणारे. परदेशी गिऱ्हाइकाशी फोनवर बोलणं रोजचं. राजारामपुरीतल्या एका खोलीत सहा आठवडे, रोज पंचवीस मिनिटं इंग्रजी शब्द जोडून बोलण्याचा आणि जोडलेले ऐकण्याचा सराव केला. सामान एवढंच: मोबाइलचा रेकॉर्डर, इअरफोन, हातातला आरसा, वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी आणि पेन्सिल. ॲक्सेंट बदलायचा असं ठरवलंच नव्हतं. मराठी माणसाचं इंग्रजी मराठी माणसासारखं ऐकू आलं तर त्यात काही बिघडत नाही. शब्दांच्या सांध्यावर आवाज कसे बदलतात ते कानाला कळावं आणि जमतील तेवढे बदल जिभेला यावेत, एवढंच.

पहिले पाच दिवस इंग्रजीला हात लावला नाही. आपसातल्या गप्पा दोन-दोन मिनिटं रेकॉर्ड केल्या आणि जसं ऐकू येतं तसं लिहून काढलं, शुद्धलेखन बाजूला ठेवून. ‘सात दिवस’ लिहिताना ‘साद्दिवस’ झालं, ‘पाच जण’चं ‘पाज्जण’, ‘एक गठ्ठा’चं ‘एग्गठ्ठा’. आपण असं बोलतो हे निम्म्यांना पटेना; दोनदा ऐकवल्यावर पटलं. शाळेत संधी पाठ केले होते, सत् अधिक जन सज्जन, पण ते पुस्तकातलं प्रकरण म्हणून. पाणिनीनं संहितेची, म्हणजे ज्यात संधी होतात त्या जोडून उच्चाराची, व्याख्याच वर्णांचं अतिशय जवळ येणं अशी केली आहे. आवाज जवळ आले की एकमेकांना ओढतात. आज जगभरचे भाषाशास्त्रज्ञ अशा बदलांना ‘संधी’ हाच शब्द वापरतात.

मग इंग्रजी. बातम्या घेऊ नका. वृत्तनिवेदक जपून बोलतात. दोन माणसांच्या गप्पांचा पंधरा सेकंदांचा तुकडा पुरतो. तो नेहमीच्या वेगानं तीनदा ऐकायचा, ऐकू आलं तेवढं लिहायचं, मग वेग ०.७५ वर आणून एकदा, आणि शेवटी त्या तुकड्याच्या मूळ लिखित मजकुराशी ताडून हुकलेल्या जागा पेन्सिलीनं घेरायच्या. ०.५ वर जाऊ नका, आवाज रबरासारखे ताणले जातात आणि भलतंच ऐकू येतं. आमच्या वह्यांत घेरलेल्या जागा बघितल्या तर अवघड शब्द क्वचितच होते. टू, ऑफ, अँड, हिम, अस, हॅज, असली बारीक पोरंच गर्दीत हरवलेली.

पहिला सांधा सगळ्यात सोपा, कारण तो बाराखडीचाच आहे. आधीच्या शब्दाच्या शेवटी व्यंजन आणि पुढच्याच्या सुरुवातीला स्वर असेल, तर व्यंजन उचलून स्वराला लावायचं. क् अधिक इ म्हणजे कि. ‘पिक इट अप’ होतं ‘पि-कि-टप’. ‘टर्न इट ऑफ’ होतं ‘टर्-नि-टॉफ’. ‘सेंड अस ॲन ईमेल’ हे चार शब्द कागदावर, तोंडात ‘सेन्-ड-स-नी-मेल’. वाक्य जमत नसेल तर शेवटाकडून बांधत यायचं: आधी ‘मेल’, मग ‘नीमेल’, मग ‘सनीमेल’, मग ‘डसनीमेल’, शेवटी पूर्ण. पुढून सुरू केलं की माणूस शेवटाला पोचेपर्यंत दम टाकतो आणि शब्द परत सुटतात. मागून बांधलं की अवघड टोक आधीच पाठ झालेलं असतं.

दोन स्वर समोरासमोर आले की मध्ये हलका य किंवा व येतो: ‘सी इट’चं ‘सीयिट’, ‘गो ऑन’चं ‘गोवॉन’. य आपोआप येतो. व मात्र बघा. आपण ‘वाडा’ म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो. इथं तो जायला नको, ओठ शिट्टी मारताना होतात तसे गोल व्हायला हवेत. आरसा यासाठीच आणला होता. ‘गो ऑन’ म्हणताना वरचे दात दिसले तर चुकलं. ब्रिटिश बोलण्यात ‘लॉ अँड ऑर्डर’च्या मध्ये एक र घुसतो, तो ऐकून ओळखा; बोलण्यात आणायची गरज नाही, ओढूनताणून आणला तर नाटकी वाटतो.

दुसऱ्या आठवड्यापासून खरं काम सुरू झालं, आणि ते जिभेच्या शेंड्याचं होतं.

आपला ट आणि ड जीभ मागं वळवून टाळूला लावून होतो. त, द दातांना लागून. इंग्रजीचा टी आणि डी या दोन्हींच्या मध्ये, वरच्या दातांच्या मागं हिरडीचा जो उंचवटा आहे, तिथं होतो. वळवलेल्या जिभेनं ‘डिड यू’ म्हणा: ड मागं अडकतो, जीभ सोडवून य कडं यावं लागतं आणि मध्ये फट पडते. तोच डी हिरडीवर घ्या. जीभ आधीच पुढं आणि सपाट असते, य म्हणताना तिचा मधला भाग टाळूकडं उठतो आणि ‘ज’ आपोआप होतो: ‘डिज्यू’. म्हणजे ‘डिज्यू’ पाठ करायचा नाही, डीची जागा दुरुस्त केली की तो होतो. हे कळायला आम्हाला चार दिवस लागले. तोवर नुसतं ‘डिज्यू, वुज्यू’ घोकणं चालू होतं आणि ते वाक्यात घातलं की ठिगळासारखं दिसायचं.

जागा शोधायची रीत अशी. ‘ला ला ला’ म्हणा आणि तिसऱ्या ‘ला’ला जीभ जिथं टेकली तिथंच धरून ठेवा. तीच जागा. आता तिथून न हलवता हवा अडवून सोडा. ठोक्यासारखा ट येईल, आपल्या ट पेक्षा पातळ. शब्दाच्या सुरुवातीला, जोर असलेल्या जागी, या टीबरोबर हवेचा फुसकारा येतो, आपल्या ट आणि ठ यांच्या मधला. कागदाची पट्टी ओठांपुढं धरून ‘टेन’ म्हटलं तर पट्टी हलली पाहिजे. ‘स्टॉप’ म्हटलं तर हलायला नको. दिवसाला वीस वेळा ‘ला-टेन’, ‘ला-डे’. एवढंच. जास्त केलं की जीभ दमते आणि सवयीच्या जागी परत जाते.

मग जोड्या. डी आणि यू: डिड यू, वुड यू, सेंड यू. टी आणि यू: मीच्यू, डोंच्यू, ‘लेट यू नो’चं ‘लेच्यू नो’. इथं मराठीनं एक खड्डा खणून ठेवला आहे. आपल्याकडं च दोन आणि ज दोन: ‘चिमणी’तला वेगळा, ‘चमचा’तला वेगळा, ‘जीव’मधला वेगळा, ‘जाड’मधला वेगळा. इंग्रजीला चिमणी आणि जीव पाहिजे. आमच्यातल्या एकाचं ‘डोंच्यू’ बरेच दिवस चमच्याच्या च नं होत होतं आणि ऐकणाऱ्याला ते ‘डोंट्सू’ वाटे. लिहिताना दोन्ही च सारखेच, त्यामुळं वहीत चूक दिसत नाही. रेकॉर्डिंगमध्येच सापडते. एस आणि य चंही असंच: ‘मिस यू’चं ‘मिश्यू’. आणि ‘धिस शॉप’चं ‘धिश्शॉप’, म्हणजे पुढच्या श नं मागच्या स ला आपल्यात ओढलं. संस्कृतात स आणि त वर्ग श, च वर्गाजवळ आले की हेच होतं, म्हणूनच सत् अधिक चित् सच्चित्.

अनुनासिकाचा बदल तर आपण पहिलीतच शिकलेलो. ‘अंबा’वरचा टिंब म आहे, ‘अंगण’वरचा ङ, ‘अंत’मधला न. एकच टिंब, पुढचं व्यंजन बघून बदलतो. इंग्रजीतला शेवटचा न ही तसाच: ‘टेन पीसेस’चं ‘टेम्पीसेस’, ‘इन कागल’चं ‘इङ्कागल’, ‘इन बिंदू चौक’चं ‘इम्बिंदू चौक’. याला सराव लागला नाही. बिघडतं कधी, तर कुणी ‘नीट’ बोलायचं म्हणून न वेगळा ठसवायला गेला की.

मात्र मराठीची प्रत्येक सवय इथं चालत नाही, आणि हे आम्हाला उशिरा कळलं. ‘एक गठ्ठा’चं ‘एग्गठ्ठा’ करताना आपण कठोर क ला मृदू ग करतो. इंग्रजीत हा बदल सहसा होत नाही. ‘बॅकग्राउंड’ म्हणजे ‘बॅग्राउंड’ नव्हे, क कठोरच राहतो, फक्त सुटून ऐकू येत नाही. ‘ब्लॅक बॉक्स’चा ‘ब्लॅग्बॉक्स’ केला की ऐकणारा थबकतो, कारण त्याच्या भाषेत ‘बॅक’ आणि ‘बॅग’ दोन निराळ्या वस्तू आहेत. इंग्रजीत जागा बदलते, कठोरपणा टिकतो: ‘फुटबॉल’चा टी पुढच्या ब मुळं ओठांवर येऊन ‘फुप्बॉल’सारखा होतो, ‘फुड्बॉल’ होत नाही. उलट दिशेचा बदल, मृदूचा कठोर, काही ठराविक जोड्यांत होतो. ‘हॅव टू’चं ‘हॅफ्टू’, ‘यूज्ड टू’चं ‘यूस्टू’. हे दोन तसेच उचलून घ्या. कठोराचं मृदू करण्याच्या सवयीवर इलाज म्हणून आम्ही पहिल्या शब्दाचं शेवटचं व्यंजन क्षणभर धरून, न सोडता, पुढच्या शब्दात उतरत होतो: ‘बॅक्’ थांब, ‘गेट’. मध्ये ‘अ’ घुसू द्यायचा नाही. ‘गुडअमॉर्निंग’ हा आपला जुना रोग त्याच उपायानं बरा होतो.

आता बारीक शब्द. इथं आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि सगळ्यात जास्त फायदाही इथंच झाला.

इंग्रजीत टू, फॉर, ऑफ, अँड, कॅन, वॉज, अस, देम हे शब्द वाक्यात बहुतेक वेळा पूर्ण म्हणतच नाहीत. त्यांचा स्वर विरघळून ‘अजून’मधल्या अ सारखा होतो. तो अ आपल्या तोंडात जन्मापासून आहे, पण देवनागरीत ‘टू’ लिहिलं की डोळ्यापुढं दीर्घ ऊकार येतो आणि तो म्हटला जातो. ‘कप ऑफ टी’ ऐका: ऑफचं (of) शेवटचं व्यंजन गळतं, ऑचा अ होतो आणि उरतं ‘क-प-टी’. चहाला कपटी म्हणायचं, हे एकदा डोक्यात बसलं की विसरत नाही. ‘नट्स अँड बोल्ट्स’मध्ये अँडचा नुसता न उरतो आणि पुढं ब असल्यानं त्याचाही म: ‘नट्सम्बोल्ट्स’. ‘टेल हिम’चं ‘टेलिम’. पण वाक्याच्या सुरुवातीला ‘ही कॉल्ड’ असेल तर ह शाबूत.

हे शब्द बारीक केल्याशिवाय ठेका येत नाही. मराठीत प्रत्येक अक्षराला साधारण सारखा वेळ मिळतो, इंग्रजीत जोराच्या अक्षरांना मिळतो आणि बाकीची मधल्या जागेत दाटीवाटीनं बसतात. हलगीवर तीन ठोके धरा: ‘पार्ट्स लीव्ह मंडे’. त्याच तीन ठोक्यांत ‘द पार्ट्स विल लीव्ह ऑन मंडे’. त्याच तीनात ‘द पार्ट्स विल बी लीव्हिंग अस ऑन मंडे’. मोजायला गेलं तर खरं बोलणं इतकं काटेकोर ठोक्यावर पडत नाही, पण सरावाला ही कल्पना चांगली. खोलीत टेबल वाजवून कंटाळा आला तेव्हा रंकाळ्याच्या कडेनं चालत केलं: जोराच्या अक्षराला उजवं पाऊल. पाऊल चुकलं की कळतं कुठला बारीक शब्द फुगला. कानात रेकॉर्डिंग लावून अर्ध्या सेकंदानं मागं-मागं बोलत जाणं हेही चालतानाच बरं जमतं. लोक बघतात, बघू द्यात.

‘कॅन’चा मुद्दा वेगळा काढतो, कारण त्यात पैसे जातात. होकारातला ‘कॅन’ बारीक असतो: ‘वी कन डू इट’. नकारातला ‘कान्ट’, अमेरिकनाच्या तोंडी ‘कॅन्ट’, स्वर पूर्ण ठेवतो, जोरही घेतो; शेवटचा टी मात्र अनेकदा ऐकूच येत नाही. म्हणजे ऐकणारा टी शोधत नाही, स्वर बघतो. आपण विश्वासानं, ठासून ‘वी कॅन डू इट’ म्हणतो आणि अमेरिकन कानाला ते ‘जमणार नाही’ वाटू शकतं. होकार द्यायचा असेल तर कॅन गिळा आणि जोर ‘डू’वर टाका.

पण कुठं गिळायचं नाही, तेही त्याच दिवशी शिकायला हवं. वाक्याच्या शेवटी हे शब्द पूर्ण येतात: ‘येस, वी कॅन.’ ‘वेअर आर यू फ्रॉम?’ मधला फ्रॉम पूर्ण, ‘आयम फ्रम कोल्हापूर’मधला बारीक. फरक मुद्दाम दाखवायचा असेल तेव्हाही पूर्ण. आमच्यातल्या दोघांनी पहिल्या उत्साहात सगळंच बारीक केलं आणि त्यांचं बोलणं तोंडात घास असल्यासारखं झालं. आणखी एक चूक वेगाची. जोडून बोलणं म्हणजे भरभर बोलणं नव्हे. दोन-चार शब्दांचा एक गट, गटाच्या आत जोड, गटांच्या मध्ये थांबा. थांब्याच्या पलीकडं सांधा जात नाही. ‘गोन्ना’ही जपून: ते ‘गोइंग टू’ नंतर क्रियापद असेल तरच. ‘आयम गोन्ना शिप इट’ चालतं, ‘आयम गोन्ना मुंबई’ नाही. आणि गिऱ्हाइकाच्या ईमेलमध्ये तर मुळीच नाही.

गळणाऱ्या टी-डीबद्दल थोडक्यात. दोन व्यंजनांच्या कचाट्यात सापडलेला टी किंवा डी बहुधा जातो: ‘नेक्स्ट मंडे’चं ‘नेक्स्मंडे’, ‘फर्स्ट बॅच’चं ‘फर्स्बॅच’. पुढं स्वर असेल तर तो जात नाही, उलट उडी मारतो: ‘नेक्-स्टॉर्डर’. यातून भूतकाळाची गंमत होते. ‘वी शिप इट’ म्हणजे ‘शि-पिट’, ‘वी शिप्ट इट’ म्हणजे ‘शिप्-टिट’. एका टीवर ठरतं की माल पाठवतो की पाठवला. ‘वी शिप्ट बोथ’मध्ये तर तो टीही गळतो आणि काळ कळायला काही उरत नाही. अशा वेळी ‘येस्टरडे’ शब्द वाक्यात घालायचा. समोरचाही तेच करतो.

अमेरिकन गिऱ्हाईक असेल तर आणखी एक आवाज. दोन स्वरांमधला टी त्यांच्याकडं जिभेचा एक चटकन ठोका होतो, आपल्या ‘करा’मधल्या र च्या अगदी जवळचा. ‘गॉट इट’ ऐकू येतं ‘गारिट’. बोलण्यात आणू नका, ऐकताना र ऐकू आला तर टी असेल अशी शंका घ्या, बस्स.

देवनागरीत लिहून सराव करायची पद्धत दुसऱ्या आठवड्याअखेर बंद केली. बाराखडीचे जोड दाखवायला ती उत्तम, पण ट लिहिला की जीभ मागं वळते आणि अ ची जागा लिपीत दिसत नाही. त्यापुढं मजकूर इंग्रजीतच, जोडाच्या जागी खालून कंस, गळणाऱ्या अक्षरावर काट, जोराच्या अक्षरावर टिंब. एका पानावर सहा वाक्यं, सगळी रोजच्या कामातली: ‘कुड यू सेंड अस द ड्रॉइंग?’, ‘व्हेन डिड यू ऑर्डर इट?’, ‘आयल लेट यू नो बाय नेक्स्ट मंडे.’ शनिवारी तीच सहा वाक्यं परत रेकॉर्ड करून पहिल्या दिवसाच्या रेकॉर्डिंगशेजारी लावून ऐकायची. रोज ऐकलं तर फरक कळत नाही.

शेवटपर्यंत न सुटलेली एक गोष्ट म्हणजे आकडे. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांतला फरक एरवी जोरावरून कळतो: ‘फिफ्टीन’मध्ये जोर शेवटच्या अक्षरावर, ‘फिफ्टी’मध्ये पहिल्या. पण आकड्याला लागून नाम आलं की ‘फिफ्टीन’चा जोरही पहिल्या अक्षरावर सरकतो. मग उरतो शेवटचा न, आणि ‘पीसेस’च्या आधी त्याचाही म होतो: ‘फिफ्टीम्पीसेस’. फोनच्या खरखरीत एवढ्याशा म वर पस्तीस नगांचा फरक. त्यामुळं नग आणि तारीख आली की आम्ही जोड सोडतो. आधी आकडा, मग ‘वन-फाइव्ह’ असे अंक सुटे, आणि फोन ठेवला की तोच आकडा ईमेलनं.